हरणखुरीवर उपाय

ताईच्या त्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलं, ते चार वर्षं राहिलंच. आज मागच्या अंगणात हरणखुरीचे कोंब उपटताना म्हाताऱ्याला ते पुन्हा आठवलं. तशी ती वेल दिसली की पत्र आठवायचंच, आणि वेल तर रोज दिसायची.

पत्र पाच ओळींचं होतं. "तू दिलेलं आईच्या गुलाबाचं रोप छान जगलं. पण त्याच्या मातीतून एक वेल आली आहे, पांढऱ्या फुलांची. दिसायला गरीब, पण सगळा वाफा गिळून बसली. तुझ्याकडे एवढी पुस्तकं आहेत, हिचं काय करायचं ते कळव. वाट बघते."

म्हाताऱ्याचा जन्म ग्रंथालयात गेला होता. कुणी काही विचारलं की तो प्रश्न चिठ्ठीवर लिहून घ्यायचा, आणि खात्रीचं उत्तर सापडेपर्यंत ती चिठ्ठी 'प्रलंबित' लिहिलेल्या खोक्यात ठेवायचा. अर्धवट उत्तर त्याने कधी कुणाला दिलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर ते खोकं घरी आलं आणि ताईचं पत्र त्यात गेलं. त्यात शरमेचाही भाग होता. रोपाची मुळं उघडी पडू नयेत, असं वाचून त्यानेच कुंडी आपल्या अंगणातल्या मातीने गच्च भरून दिली होती. म्हणजे दुखणं त्याच्याच घरून गेलेलं. आधी आपल्याकडची वेल समूळ काढायची आणि मग लिहायचं, असं त्याने ठरवलं.

पहिल्या वर्षी त्याने फावड्याने सगळं अंगण खणलं. मुळांचे तुकडे झाले आणि तुकड्यातुकड्याला कोंब फुटले. दुसऱ्या वर्षी काळं प्लास्टिक अंथरलं. वेल आतल्या आत सरकत कुंपणापाशी वर आली. तिसऱ्या वर्षी औषध मारलं, तर आधी शेवंती गेली. यंदा नवीन काही करायची हिंमत उरली नव्हती. रोज सकाळी तो खुरपं घेऊन बसायचा आणि वर आलेले कोंब तेवढे काढायचा. वेल थोडी कमी झाल्यासारखी वाटत होती. पण वाटणं म्हणजे खात्री नव्हे.

बायको फोन हातात घेऊनच मागच्या दारात आली.

"भाचा बोलत होता. ताई बागेत फरशी घालून घेताहेत. पुढच्या महिन्यात माणसं येणार."

खुरपं थांबलं. "आणि गुलाब?"

"गुलाब काय फरशीतून उगवणार आहे? मीही तेच विचारलं. तर म्हणाला, मामी, आई म्हणते, मामाला विचारलं होतं, त्याने काही कळवलं नाही. रागावला असेल, वेलीचा ठपका त्याच्यावर ठेवला म्हणून."

"मी रागावलो?" म्हातारा म्हणाला. "तीच रागावली असेल म्हणून तर मी..."

"शोभता खरी एका आईची लेकरं."

तो हातातल्या कोंबाची माती झटकत राहिला. "पण तिला सांगू काय? ही तर अजून गेलेली नाही."

"मग गेली नाही म्हणून सांगा. त्यांनी साधं विचारलंय हो तुम्हाला, परीक्षेला नाही बसवलं."

"फोनवर तिला ऐकू येत नाही."

"म्हणूनच तर त्या पत्र लिहितात," बायको म्हणाली. "उठा. हात धुवा आणि लिहा."

हात धुवायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही. आधी त्याने तीन पानं लिहिली, कोणत्या पुस्तकात कोणत्या पानावर काय म्हटलं आहे त्यासकट. वाचून पाहिली आणि फाडून टाकली. मग एकाच कागदावर लिहिलं:

"ताई, उत्तराला फार उशीर झाला. रागावलो नव्हतो, लाजलो होतो. खणू नकोस, तुकडे होतात आणि वेल वाढते. फरशीही घालू नकोस, ती फटीतून वर येईल. माझ्याकडची चार वर्षांत गेलेली नाही. वर येईल तेवढी रोज उपटायची, एवढंच मला जमलं आहे. तुझे गुडघे वाकत नसतील तर मी येऊन उपटीन. माझं खुरपं घेऊन येईन."

उपाय म्हणावा असं यात काहीच नव्हतं. त्याने पाकीट चिकटवलं, पत्ता लिहिला आणि कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत चालत गेला.

पत्र आत सरकवताना त्याला दिसलं, ताईच्या नावावरच अंगठ्याचा मातकट ठसा उमटला होता. असं पाकीट पाठवायचं? घरी कोरी पाकिटं होती. पत्ता नव्याने लिहिता येईल, आणि पाकीट फोडलंच तर फरशीच्या फटीबद्दलचं वाक्यही एकदा पुस्तकात ताडून पाहता येईल. तो मागे फिरला. शिंप्याच्या दुकानापर्यंत गेला.

शिंपी मशीन थांबवून म्हणाला, "काय काका, पेटी बंद आहे की काय?"

"नाही, नाही," म्हातारा म्हणाला. "चालू आहे."

तो परत पेटीपाशी आला. ठसा बोटाने पुसून पाहिला, तर तो अजूनच पसरला. मग त्याने पत्र आत ढकललं आणि सोडून दिलं. पडल्याचा आवाज काही आला नाही. बोटं फटीत तशीच ठेवून तो जरा वेळ उभा राहिला. मग त्याने रिकामा हात बाहेर काढला.