मोकळी सोडलेली जागा

दोन वर्षांपूर्वी अच्युतराव गुरुजींनी श्रीनाथचा बँड मोडला आणि स्वतःच्या पोराला नांदेडहून लातूरला, क्लासच्या होस्टेलात नेऊन टाकलं. परत आल्यापासून तो तोंडातून शब्द काढत नव्हता. शेवटी गुरुजींनीच हात जोडून त्याच्या दोस्तांना घरी बोलावलं.

"काका, त्याच्या रॅपची जागा मोकळी सोडून वाजवतो. मनात आलं तर म्हणंल," आनंदराज म्हणाला.

उर्वीनं ड्रमवर ठेका धरला. आनंदराजनं सॅक्सोफोनवर जाझची लांब लकेर घेतली आणि तो थांबला. ठेका एकटाच चालू राहिला. श्रीनाथनं माईक उचलला. गुरुजी पुढं सरकून बसले.

"हळू वाजवा," तो कुजबुजला. "वॉर्डनसर ऐकतील."

उर्वीचे हात थांबले. गुरुजी उठले आणि स्वतःच्याच घराचं दार आतून लावून आले.