शोकसभेची वेळ

कामगार संघटनेचा गाडा तीस वर्षं ओढणारे बाबा गेले, तेव्हा त्यांची शोकसभा खुद्द कारखान्याच्या साहेबांनी ठेवली. कामाचा खोळंबा नको म्हणून वेळ दिली संध्याकाळी सव्वापाचची. पाचचा भोंगा वाजला आणि मांडलेल्या खुर्च्यांना वळसा घालून सगळे कामगार डबे हलवत फाटकाबाहेर निघून गेले.

पहिल्या रांगेत एकट्या बसलेल्या लेकीचा चेहरा पडला. ज्यांच्यापायी बाबांनी घराकडे ढुंकून पाहिलं नाही, ते पंधरा दिवसांत त्यांना विसरले?

"गरज सरो, वैद्य मरो. दुसरं काय!" साहेब हळहळले.

ती उठून बाहेर आली, तर फाटकापाशी बाबांचे जुने सोबती, फिटरकाका, तिचीच वाट पाहत उभे होते.

"पोरी, उद्या सकाळी अकराला ये. यंत्रं बंद करून सभा घेतोय. सगळे येणार आहेत."

"मग आज का नाही थांबलात, काका?"

 

"साहेबानं बोलावलं म्हणून भोंग्यानंतर थांबलो असतो, तर तुझा बाप फोटोतून उतरून आमच्या अंगावर धावून आला असता!"