विमानाचं वजन

उन्नतीनं घरी बांधलेलं नऊ फुटी रिमोटवरचं विमान रविवारी पहिल्यांदा उडणार होतं, आणि किटसोबत आलेले त्याचे चाकांचे पाय उभं करताच वाकले. धातूचे पाय घ्यायचे, तर धरमपेठेतल्या दुकानदाराला विमानाचं वजन हवं होतं. बाबा विमान कवटाळून वजनकाट्यावर चढले. शहाण्णव किलो.

"बाबा, तुमचं किती?"

"चौऱ्याहत्तर," बाबा लगेच म्हणाले.

म्हणजे विमान बावीस किलोचं. उन्नतीनं तसे जाडजूड पाय आणून बसवले. पण विमान उभं केलं तर पायातल्या स्प्रिंगा जराही दबेनात. असं विमान उतरताना बेडकासारखं उड्या मारत जाणार. तिचं डोकं सणकलं. तिनं दुकानात फोन लावला.

"काका, कसा माल देऊन राहिले तुम्ही?"

"माल बरोबर आहे बेटा. वजन तू बरोबर केलं होतं का?"

फोन ठेवून उन्नतीनं बाबांकडं पाहिलं. त्यांच्या बेल्टाच्या पार टोकाशी खिळ्यानं पाडलेलं एक नवं भोक होतं.

"बाबा, काट्यावर चढा. विमान नका घेऊ."

काटा ब्याऐंशीवर थांबला. विमान चौदाच किलोचं निघालं.

बाबांचा भात बंद करून आईला तीन महिने झाले होते. बाबांनी खुंटीवरची गाडीची किल्ली घेतली, स्वयंपाकघराकडं पाहिलं आणि आवाज बारीक केला.

"आईले सांगू नको वं. मी आत्ताच जाऊन पाय बदलून आणतो."

उन्नती काट्याकडं बघत राहिली. बाबांनी किल्ली परत खुंटीला अडकवली.

"चालतच जातो."