फाब्रिसियो पहिला कसा आला

असुन्सिओन शहरातल्या आमच्या मुलांच्या शाळेत पालकसभा होती. बाईंनी फाब्रिसियोच्या आईला, मिर्ताला, पुढे बोलावलं. "तुमचा मुलगा सलग तिसऱ्या वर्षी पहिला आलाय. घरी काय करता, ते या सगळ्यांना सांगा जरा."

"फार काही नाही हो. पाचला उठवायचं, नाश्त्याला चीजचा गरमगरम चिपा पाव द्यायचा. गणवेशाला इस्त्री करायची. अभ्यासाला बसला की शेजारी बसून राहायचं, डुलकी लागली की हलवून जागं करायचं."

आम्ही सगळ्या आया भराभर लिहून घेत होतो.

"केवढं करता हो तुम्ही!" बाई म्हणाल्या.

"मी कसली करतेय! नोकरी सांभाळून जमतंय होय? आमची निमिया करते सगळं. अकरा वर्षांची आहे. शाळेत घालू म्हणून गावाहून आणली होती."

"मग कितवीत आहे ती?"

"अहो बाई, तिला वेळ कुठंय?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. माझा लेक यंदा गणितात नापास झालाय. सभा संपल्यावर मी मिर्ताला जिन्यातच गाठलं.

"त्या गावात अशी अजून एखादी मिळेल का गं?"

"निमियाची धाकटी बहीण आहे की. सात वर्षांची. तिलाही शिकायची फार हौस आहे."