दहाचे पंचवीस टक्के

चार वाजून वीस मिनिटांनी तिने बाबांच्या तब्येतीचे दहा टक्के वाढवून पंचवीस केले आणि जवळचं विद्यापीठ जिंकलं.

"झालं," ती म्हणाली. "जवळचंच आलं."

समोर बाबा शर्टाला बटण लावत बसले होते. "आलं म्हणजे?"

"तक्त्यात आलं. एकोणसत्तर विरुद्ध चौसष्ट."

पाच वाजेपर्यंत दोनपैकी एका विद्यापीठाला होकार कळवायचा होता. पाचनंतर दूरची जागा प्रतीक्षायादीतल्या कुणाला तरी जाणार होती. दूरचं म्हणजे समुद्रापलीकडे, पाच वर्षांची पीएचडी. घरी बसून मजुरीची कामं करणाऱ्या बायका, या तिच्या जिव्हाळ्याच्या विषयावर हयात घालवलेल्या प्राध्यापक बाई तिथे होत्या. जवळचं म्हणजे दोन वर्षांचं एम. ए., बसने पाऊण तास, संध्याकाळी सहाला घरी. आता अर्थशास्त्रात पहिली आलेली मुलगी असला निर्णय साधेपणाने कशी घेणार? तिने तक्ता केला होता. नऊ ओळी, प्रत्येक ओळीचं महत्त्व टक्क्यांत, बेरीज शंभर. आठ दिवस ती त्या तक्त्याशी झटत होती आणि तक्ता हट्टाने दूरचंच नाव पुढे करत होता.

"बघू," बाबा म्हणाले.

तिने नाइलाजाने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. बाबांनी तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. कुठलीही गोष्ट ते वरून खाली, बोट ठेवून वाचत. बोट सातव्या ओळीवर थांबलं.

"सकाळी मी दहा टक्के होतो."

"तुम्ही कुठे पाहिलंत?"

"फ्रिजवर तूच लावलायस की कागद. गोळी घेताना वाचला. आता पंचवीस? दुपारपर्यंत माझी तब्येत एवढी बिघडली आणि मलाच कुणी सांगितलं नाही?"

तिला हसू आलं नाही. "बाबा, थट्टा नकोय. तीन महिन्यांपूर्वी हृदयविकाराचा झटका आला होता ते विसरलात?"

"मी कसा विसरेन? पण डॉक्टरांनी जिने चढायला सांगितलंय आणि मी चढतोय." त्यांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. "बेरीज शंभरच हवी ना? मग हे वरचे पंधरा कुठून काढलेस?"

तिने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "आवडीच्या विषयातून."

बाबांनी शर्ट बाजूला ठेवला.

"एका इमारतीतून दर महिन्याला तक्रार यायची. लिफ्ट हलते. मी जायचो, सगळं उघडून बघायचो. लिफ्ट ठणठणीत. पुढे कळलं, चौथ्या मजल्यावरच्या बाईंना दार बंद झालं की भीती वाटायची. पण तक्रारवहीत 'मला भीती वाटते' असं कोण लिहितं? त्या लिहायच्या, लिफ्ट हलते."

"त्याचा इथे काय संबंध?" तिचा आवाज चढला, कारण संबंध तिला कळला होता.

"तुझ्या तक्त्यात ती लिफ्ट मी आहे."

ती ताडकन उठली. पेला भरला आणि तसाच ओट्यावर आपटला. "तुम्हाला काय माहीत आहे हो? तिथे पहिल्या वर्षाला गणिताची परीक्षा असते. तिघांतला एक गळतो. इथे मी हुशार आहे, तिथे सगळेच पहिले आलेले असणार. वर्षभरात परत यावं लागलं तर कुठल्या तोंडाने येऊ?"

आठ दिवसांत हे वाक्य पहिल्यांदाच तिच्या तोंडून निघालं. तक्त्यात त्याची ओळ नव्हती. माणसं काय बोलतात ते सोडा, काय निवडतात ते बघा, हे ती पहिल्या वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात शिकली होती. परीक्षेत त्यावर पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. स्वतःला लावून बघायचं तेवढं राहून गेलं होतं.

पाचला वीस मिनिटं कमी होती. बाबांनी एका बोटाने, अक्षर शोधावं तसं शोधत, पंचवीस खोडून शून्य लिहिलं.

"माझं नाव काढलं. आता खाली भीतीची ओळ घाल. तिला किती टक्के द्यायचे ते तू ठरव. मग जवळचं आलं तर खुशाल जवळचं घे. मी अवाक्षर काढणार नाही."

ती खाली बसली. 'भीती' लिहिलं. शेजारच्या चौकटीत तीस टाकले आणि ते डोळ्यांना दिसताच तिला स्वतःची लाज वाटली. वीस केले. दहा केले. मग पुन्हा वीस. घड्याळात पाचला दहा कमी.

"तुम्हाला नाही वाटत?" पडद्यावरची नजर न काढता तिने विचारलं.

"काय?"

"भीती. मी गेल्यावर."

"वाटते की," बाबा म्हणाले. "पण ती माझी मी बघेन. तुझ्या तक्त्यात ती घालायची नाही."

तिने डोळे पुसले. तीन मिनिटं उरली असताना तक्ता तसाच अर्धवट बंद केला, दूरच्या विद्यापीठाचं पान उघडलं आणि होकाराचं बटण दाबलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग अभिनंदनाच्या दोन ओळी आल्या आणि त्याखाली पत्ता.

बाबा खुर्ची ओढून तिच्याजवळ सरकले. पत्त्यातलं शहराचं नाव त्यांनी आधी ओठांतल्या ओठांत म्हटलं, मग मोठ्याने. जीभ मध्येच अडखळली.

"तू म्हण बघू," ते म्हणाले. "कुणी विचारलं तर नीट सांगता आलं पाहिजे."

तिने सांगितलं. बाबांनी म्हणून पाहिलं, चुकले, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.