अर्पणपत्रिका

“बाबा, जपून हं. एकदा नजर फिरली की अक्षर गेलंच,” लेक वासंती म्हणाली. त्या काळी सगळी शाई तसलीच मिळायची: वाळल्यावर पहिली नजर पडताच उडून जाणारी. फुकट्या वाचकांवर प्रकाशकांनी शोधलेला उतारा!

अक्षरकार टिपणिसांनी बायकोच्या जुन्या, साध्या शाईतल्या प्रेमपत्रातल्या शिरोरेषा लाल पेन्सिलीनं सरळ केल्या, तेव्हापासून तिनं जो अबोला धरला तो मरेपर्यंत. जाताना मात्र आपल्या पुस्तकात नवऱ्यासाठी स्वतःच्या हातानं अर्पणपत्रिका लिहून गेली.

टिपणिसांची नजर अर्पणपत्रिकेवरून सावकाश खाली उतरली. पान कोरं झालं.

“काय म्हणते आई? केलं का माफ?”

टिपणीस पांढरेफटक पडले. जन्माच्या सवयीनं त्यांनी अक्षरं नुसती पाहिली होती, वाचली नव्हती.

“समास सुरेख सोडला होता,” ते पुटपुटले. “शिरोरेषा मात्र अजून वाकड्याच.”