पुदिना

"सोनटक्के सर, तुमचे सातच ना?" मृणालने हसत नव्या दुकानातल्या सँडविचचा तुकडा त्यांच्यापुढे सरकवला. दर शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत अख्खं ऑफिस एखादं सँडविच चाखायचं आणि दहापैकी गुण द्यायचं.

गेल्या पावसाळ्यातल्या तापात सरांच्या तोंडाची चव गेली ती गेलीच. कुणाला कळू नये म्हणून ते सगळ्यालाच सात देत.

त्यांनी सवयीने घास घेतला. झोपेत कुणी लांबून हाक मारावी, तसं काहीतरी हिरवं, गार जिभेवर हलकेच उतरलं. डोळे आपोआप मिटले.

"यात... पुदिना आहे?"

"नको तेवढा आहे!" मृणालने नाक मुरडलं. "माझे चारच. तुमचे सात धरू?"

"थांब गं," डोळे न उघडताच सर म्हणाले, "आत्ता कुठे चव लागतेय."